मृगांतील नवजात तारे

माघ महिन्यांतील निरभ्र रात्रीं पवनीच्या घाटावर उभें राहिलें असतां वैनगंगेच्या पात्रावर दक्षिणेकडे उंच मृग नक्षत्र दिसतें. चार पायांचे चार तारे, पोटांत रुतलेला त्रिकांड बाण, आणि बाणाखालीं एक धूसर ठिपका. आमच्या भंडारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास मृग म्हणजे पावसाची वर्दी. सूर्य त्या नक्षत्रीं आला कीं धानाचे पऱ्हे टाकण्याची लगबग सुरू होते. तारे अचल आणि आपण तेवढे चंचल, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती याच मृगानें कशी मोडली, तें येथें सांगावयाचें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांतील दोन विद्वान या एकाच नक्षत्राकडे दोन निरनिराळे प्रश्न घेऊन पाहत होते. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि वसंतसंपात मृगांत होता त्या काळावरून वेदांची प्राचीनता सुमारें ६,००० वर्षांपर्यंत नेली. त्यापूर्वीं दोनच वर्षें, १८९१ सालीं, सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं त्या धूसर ठिपक्याच्या प्रकाशाचें पृथक्करण करून त्यांतील मुख्य रेषेविषयीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकांत टिपण लिहिलें. त्यांची वेधशाळा भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीच्या आधारें १८८८ सालीं उभी राहिली होती. ही रेषा मॅग्नेशियमची, असें लॉकियर म्हणत. ह्यूगिन्स यांस तें मान्य नव्हतें. अत्यंत विरळ वायूंतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा आहे, हा उलगडा पुढें १९२७ सालीं बोवेन यांनीं केला.

परंतु तेजोमेघ वायूचा आहे, एवढ्यानें त्यांत तारे जन्मतात असें सिद्ध होत नाहीं. ही कडी १९४७ सालीं आर्मेनियांतील ज्योतिर्विद अंबार्तसुम्यान यांनीं जोडली. अतितप्त निळे तारे आकाशांत विरळ टोळक्यांनीं आढळतात. त्यांचें परस्परांवरील आकर्षण इतकें दुबळें असतें कीं, आकाशगंगेच्या ओढीनें तीं टोळकीं लवकरच विस्कटलीं पाहिजेत. तीं अद्याप ओळखूं येतात, त्या अर्थीं त्यांतील तारे नुकतेच जन्मले असले पाहिजेत. येथें ‘नुकतेच’ म्हणजे कांहीं दशलक्ष वर्षांपूर्वीं. सूर्याचें वय ४.५ अब्ज वर्षांहून अधिक, हें ध्यानीं घेतां तें बाल्यच होय. वेदांच्या ६,००० वर्षांनीं आमची मति गुंग होते. ताऱ्यांच्या हिशेबीं तें एक निमिष.

हें विस्कटणें कसें घडतें? आमच्याकडे एकाच वाफ्यांत दाट उगवलेले पऱ्हे उपटून रोवणीच्या वेळीं शेतभर पसरतात. आकाशांत रोवणी करणारा कोणी नाहीं. थंड वायूचा मेघ स्वतःच्याच भारानें ठिकठिकाणीं आकसतो व तेथें तारे जन्मतात. त्यांतील थोरल्या ताऱ्यांचा प्रखर प्रकाश व त्यांपासून सुटणारे वारे उरलेला वायु हुसकून लावतात. त्या वायूच्या भारानेंच मंडळी एकत्र बांधलेली होती. तो गेला कीं बंधन सैल होतें आणि जो तो आपल्या वेगानें निघतो. सेकंदास केवळ १ किलोमीटर वेग धरला, तरी १० लक्ष वर्षांत तारा ३ प्रकाशवर्षांहून अधिक दूर जातो.

कांहीं तारे तर अक्षरशः भिरकावले जातात. १९५४ सालीं ब्लाऊ व मॉर्गन यांनीं दाखविलें कीं, सारथी व कपोत या मंडलांतील दोन तारे सेकंदास १०० किलोमीटरांहून अधिक वेगानें विरुद्ध दिशांस धांवत आहेत, आणि त्यांचे मार्ग मागें नेले असतां सुमारें २५ लक्ष वर्षांपूर्वीं दोघेही मृगांतच भेटतात. पुढें २०१३ सालीं युरोपनें सोडलेल्या ‘गाया’ उपग्रहानें एक अब्जाहून अधिक ताऱ्यांचीं स्थानें मोजलीं. त्यावरून कळलें कीं, अशीं बरींच टोळकीं एका बिंदूपासून पसरलेलीं नसून, निरनिराळ्या वेळीं जन्मलेल्या अनेक लहान कुटुंबांचीं बनलेलीं असतात. मृगांतही बाणाभोवतींची मंडळी वडील, आणि सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर असलेल्या त्या तेजोमेघांतील मंडळी धाकटी.

आतां पुण्याकडे वळूं. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ सालीं त्यांची वेधशाळा बंद पडली. देशांत अनेक वर्षें सर्वांत मोठी ठरलेली तिची वीस इंची दुर्बीण कोडाइकॅनलला गेली. पुण्यांत ‘आयुका’ ही खगोलविद्येची संस्था स्थापन झाली ती १९८८ सालीं, म्हणजे मध्यें ७६ वर्षें लोटलीं. तारे पांगतात तो सृष्टीचा क्रम आहे; एका गृहस्थाच्या निवृत्तीबरोबर विद्येचें घर मोडावें, ही मात्र आमची हयगय होती. तिचें परिमार्जन केवळ मोठ्या संस्थांवर सोंपवून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. येत्या हिंवाळ्यांत वाचकांनीं घरांतील मुलांस अंगणांत न्यावें आणि साध्या दुर्बिणींतून बाणाखालचा तो धूसर ठिपका दाखवावा. तेथें आजही तारे जन्मत आहेत, एवढें त्यांस सांगितलें तरी पुढचे प्रश्न तीं आपण होऊनच विचारतील.