दोन भाषांतरे, एक बंद दार

१८८७ साली एकाच गूढ ग्रंथाची दोन भाषांतरे प्रसिद्ध झाली. एक लंडनमध्ये, दुसरे आपल्या पुण्यात. ग्रंथाचे नाव ‘इद्रा झुटा’. ज्यूंच्या गूढविद्येला कब्बाला म्हणतात. तिच्या ‘झोहर’ या मुख्य ग्रंथाचा हा एक भाग. शिमोन बार योहाय अखेरच्या दिवशी शिष्यांना परमेश्वराच्या स्वरूपाविषयी उपदेश करतात, अशी त्याची मांडणी आहे.

‘झोहर’ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला. त्याच सुमारास, शके १२१२ मध्ये, आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत आणला. ‘झोहर’ मात्र अरामी भाषेतच राहिला.

ही विद्या ख्रिस्ती विद्वानांपर्यंत प्रबोधनकाळात पोहोचली. इटलीतील पिको देल्ला मिरान्दोला याच्यासाठी फ्लावियस मिथ्रिडेटिस या धर्मांतरित ज्यू पंडिताने हिब्रू पोथ्या लॅटिनमध्ये उतरवल्या. १४८६ मध्ये पिकोने नऊशे सिद्धान्त मांडले. कब्बालातून ख्रिस्ताचे देवत्व सिद्ध होते, हा त्याचा दावा. म्हणजे विद्या ज्यूंची आणि निष्कर्ष ज्यूंविरुद्ध! जर्मनीतील योहान रॉइखलिन याने १५१७ मध्ये कब्बालावर ग्रंथ लिहिला. त्याचाही हेतू ख्रिस्ती होता. पण ज्यूंचे ग्रंथ जाळण्याची मागणी झाली तेव्हा त्याने त्यांची जाहीर बाजू घेतली. घेणाऱ्याने देणाऱ्याचे ऋण कसे फेडावे, याचा हा नमुना.

पुढे सतराव्या शतकात क्नोर फॉन रोझेनरोथ या ख्रिस्ती विद्वानाने ‘इद्रा झुटा’ लॅटिनमध्ये आणला. त्यावरूनच मॅकग्रेगर मॅथर्स यांनी १८८७ चे इंग्रजी भाषांतर केले.

पुण्याचे पुस्तक वेगळे. बगदादी ज्यू समाजातील अब्राहम डेव्हिड एझिकेल यांनी ते काढले. ते थिऑसॉफिस्ट होते. लिपी हिब्रू, भाषा त्या समाजाची घरगुती अरबी. लंडनचे पुस्तक निर्वेध विकले गेले; पुण्याच्या पुस्तकाला बगदादच्या रब्बींनी विरोध केला. अपुऱ्या तयारीच्या वाचकाने हे वाचू नये, अशी त्यांची भूमिका होती.

आम्हां कोल्हापूरकरांना हा पेच परका नाही. मॅक्स म्युलर यांनी संपादिलेला ऋग्वेद १८७४ पर्यंत इंग्लंडात पूर्ण छापून झाला होता. तरीही १८९९ मध्ये पंचगंगेवर शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणण्यास नकार मिळाला. बगदादचा आक्षेप तयारीचा होता, इथला जन्माचा. हा फरक मी विसरत नाही. पण दोन्हीकडे दाराबाहेर राहिला तो घरचाच माणूस. म्हणून एका धर्माच्या विद्येचा दुसऱ्यावर काय प्रभाव पडला, एवढेच विचारून माझे समाधान होत नाही. परक्याच्या ग्रंथालयात पोहोचलेली ती विद्या घरच्या भाषेत कधी आली, हेही इतिहासाने विचारले पाहिजे.