पँथरचे पुनर्लेखन : जुनी पात्रे, नवे लेखक आणि मालकीचा प्रश्न

साहित्याच्या इतिहासात नवी पात्रे निर्माण करणाऱ्यांची नोंद ठळकपणे होते. दुसऱ्याने घडविलेली, पुष्कळदा दुसऱ्याच्याच हितासाठी घडविलेली पात्रे हाती घेऊन त्यांचा अर्थ पालटणाऱ्या लेखकाची नोंद मात्र फारशी होत नाही. आपल्याला हा दुसरा लेखक जवळचा वाटला पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा त्यांनी वामन, परशुराम, बळी ही पात्रे नव्याने निर्माण केली नव्हती. ती पुराणांत होतीच. जोतीरावांनी त्यांच्या जागा बदलल्या. पाताळात ढकललेला बळी राजा झाला आणि अवतार आक्रमक ठरला. तेच पुस्तक त्यांनी अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. म्हणून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पुनर्लेखनाचा एक प्रयत्न येथे तपासणे अप्रस्तुत होणार नाही. हा प्रयत्न कादंबरीत किंवा कवितेत झालेला नाही. तो झाला आहे चित्रकथेत, म्हणजे ज्याला आपण कॉमिक्स म्हणतो आणि पोरांचा खेळ समजून बाजूला सारतो त्या प्रकारात.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. ‘ब्लॅक पँथर’ हा चित्रपट २०१८ साली आल्यापासून विद्यार्थी एक प्रश्न विचारतात : दलित पँथर हे नाव याच पँथरवरून आले काय? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देताना तीन वेगवेगळे पँथर एकमेकांपासून सोडवून घ्यावे लागतात.

पहिला पँथर मतपत्रिकेवरचा. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात लाउंड्स नावाचा परगणा आहे. तेथे कृष्णवर्णीयांची वस्ती बहुसंख्य होती. परंतु १९६५ च्या प्रारंभी मतदारयादीत त्यांचे नाव जवळजवळ नव्हतेच. स्टोकली कार्मायकल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथे स्वतंत्र पक्ष उभा केला. निरक्षर मतदारांसाठी पक्षाला चिन्ह लागे. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे त्या राज्यातील चिन्ह पांढरा कोंबडा होते. या पक्षाने काळा पँथर घेतला. हेच चिन्ह पुढे ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केलेल्या ब्लॅक पँथर पक्षाकडे गेले. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पिढीने दलित पँथर हे नाव घेतले, ते या पक्षावरून.

दुसरा पँथर कागदावरचा. मार्व्हल कंपनीच्या ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या मासिक चित्रकथेच्या ५२ व्या अंकात, म्हणजे जुलै १९६६ च्या अंकात, स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघा गोऱ्या निर्मात्यांनी टचाला नावाचा आफ्रिकी राजा आणला. त्याचा वाकांडा हा काल्पनिक देश कोणाच्याही अंकित न झालेला, विज्ञानात पुढारलेला. अमेरिकेच्या प्रमुख चित्रकथांतील हा पहिला कृष्णवर्णीय महानायक. ओकलंडच्या पक्षाच्या काही महिने आधी तो आला. एकाने दुसऱ्याचे नाव घेतले असे म्हणता येत नाही. तिसरा पँथर चित्रपटाचा, आणि तो या दुसऱ्याचा वारस.

आता एक बारीक परंतु बोलकी घटना पाहा. ओकलंडचा पक्ष देशभर गाजू लागला, सरकार त्याच्या मागे लागले, तेव्हा कागदावरच्या पँथरची अडचण झाली. फेब्रुवारी १९७२ च्या अंकात टचालाच्या तोंडी असे घातले गेले की आपण यापुढे ‘ब्लॅक लेपर्ड’ हे नाव वापरणार, कारण जुन्या नावाला राजकीय अर्थ चिकटला आहे. बदल फार टिकला नाही, थोड्याच काळात जुने नाव परत आले. परंतु ज्या वर्षी अमेरिकेतील एका कंपनीने आपल्या कृष्णवर्णीय नायकाला पँथर म्हणवून घेण्याची लाज वाटायला लावली, त्याच वर्षी मुंबईच्या झोपडपट्टीतील आणि चाळीतील तरुणांनी ते नाव ताठ मानेने आपल्या छातीवर लावले. नाव कोणाच्या हाती आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, हे सांगण्यासाठी याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मार्व्हलच्या कथा ज्या पद्धतीने लिहिल्या जातात ती पद्धत आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. पुराणांसारखीच ती आहे. शेकडो पात्रे एकाच विश्वात राहतात, एकाच्या कथेत दुसरा येतो. लेखक बदलतात, पात्रे राहतात. आधीच्या लेखकाने लिहिलेले नंतरच्या लेखकाला पुसून टाकता येत नाही, कारण वाचकांना ते पाठ असते. त्याला भर घालता येते, उरलेल्या फटीत नवा प्रसंग बसवता येतो, जुन्या प्रसंगाचे कारण नवे सांगता येते. आपल्याकडच्या पंडितांनी ज्याला प्रक्षेप म्हटले, तेच येथे उघडपणे, दरमहा, मानधन घेऊन चालते.

या पद्धतीचा पहिला गंभीर उपयोग डॉन मॅकग्रेगर या गोऱ्या लेखकाने केला. मार्व्हलचे ‘जंगल ॲक्शन’ नावाचे एक मासिक होते. त्यात आफ्रिकेच्या जंगलावर राज्य करणाऱ्या गोऱ्या वीरांच्या जुन्या कथा पुन्हा छापल्या जात. १९७३ पासून मॅकग्रेगरने त्याच मासिकात टचालाला नायक केले आणि सगळी कथा वाकांडात नेली, जेथे जवळजवळ सर्व पात्रे काळीच होती. बिली ग्रॅहम या कृष्णवर्णीय चित्रकाराने तिचा मोठा भाग चितारला. राजाच्या विरुद्ध उठणारा किलमाँगर याच कथेतून आला. गोरी पात्रे आणा, असा आग्रह संपादकांकडून झाला. तेव्हा मॅकग्रेगरने १९७६ मध्ये टचालाला अमेरिकेत नेऊन कू क्लक्स क्लान या गोऱ्या दहशती संघटनेसमोर उभे केले! ती कथा पुरी होण्याआधीच, नोव्हेंबर १९७६ च्या २४ व्या अंकानंतर मासिक बंद पडले. पुढच्या जानेवारीत पँथरचे नवे मासिक निघाले ते कर्बीच्या हातचे, आणि त्यात जादूच्या पितळी बेडकांचा शोध सुरू झाला. क्लानचा प्रश्न तेथेच राहिला.

यानंतर दोन दशके पँथर अधूनमधून येत राहिला. पण वाचकांच्या लेखी तो इतर वीरांच्या मागे उभा राहणारा, गंभीर चेहऱ्याचा, फारसे न बोलणारा गृहस्थ होता. १९९८ साली तो क्रिस्टोफर प्रीस्ट याच्याकडे आला. प्रीस्ट १९६१ चा जन्मलेला, न्यूयॉर्कचा. जेम्स ओव्जली या जुन्या नावाने तो तरुणपणीच मार्व्हलमध्ये लागला होता आणि त्या व्यवसायातील पहिला कृष्णवर्णीय संपादक म्हणून त्याची नोंद केली जाते. पँथर लिहायला तो प्रथम राजी नव्हता. त्याने लिहायचे ठरविल्यावर जे केले, ते आपल्या लेखकांनी अभ्यासावे असे मला वाटते.

पहिली गोष्ट निवेदकाची. प्रीस्टने टचालाची कथा टचालाच्या तोंडून सांगितली नाही. ती सांगतो एव्हरेट रॉस नावाचा अमेरिकी परराष्ट्र खात्यातील गोरा नोकर. तो घाबरट आहे, बडबड्या आहे, आणि काळ्या राजाविषयी त्याच्या मनात असंख्य गैरसमज आहेत. या चित्रकथांचा वाचक बहुतांशी गोरा होता. त्या वाचकाच्या मनातील सगळी क्षुद्रता प्रीस्टने रॉसच्या तोंडी घातली आणि वाचकाला हसवत हसवत त्याच्याच क्षुद्रतेची साक्ष त्याच्याकडून वदवून घेतली. राजा मात्र गप्प राहतो. आधीच्या कथांत हे मौन दुय्यमपणाचे होते. येथे ते सत्तेचे झाले.

दुसरी गोष्ट जुन्या पुराव्याची. १९६८ मध्ये टचाला ‘ॲव्हेंजर्स’ या महानायकांच्या अमेरिकी संघात सामील झाला होता. स्वतःचा देश सोडून राजा दुसऱ्यांच्या संघात शिपायासारखा का राबतो, याचे उत्तर तीस वर्षे कोणी मागितले नव्हते. प्रीस्टने उत्तर दिले : तो त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी गेला होता. आपल्या देशाला या सामर्थ्यवान माणसांपासून धोका आहे की नाही, हे त्याला पाहायचे होते. जुना एकही अंक खोटा ठरला नाही, एकही प्रसंग पुसला गेला नाही. आणि तरीही सगळ्यांचा अर्थ उलटा झाला. मदतनीस वाटणारा माणूस परीक्षक निघाला.

ही रीत बाबासाहेबांच्या वाचकाला ओळखीची वाटेल. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात त्यांनी महाभारताच्या शांतिपर्वातील पैजवन नावाच्या शूद्राचा उल्लेख उचलला, त्याची सांगड ऋग्वेदातील सुदास राजाशी घातली, आणि शूद्र हे मूळचे क्षत्रिय असल्याचा सिद्धांत मांडला. पुरावा विरोधकाच्या पोथीतला, निष्कर्ष त्याच्या विरुद्ध. प्रीस्ट चित्रकथाकार आहे आणि बाबासाहेब इतिहासाचा शोध घेत होते. एकाला कल्पनेची मुभा होती, दुसऱ्याला पुराव्याचे बंधन. हा भेद विसरता कामा नये. परंतु प्रस्थापितांच्या ग्रंथातच त्यांच्याविरुद्धची साक्ष दडलेली असते, हा विश्वास दोघांच्या कामातून दिसतो.

प्रीस्टच्या पुनर्लेखनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. राजाचे रक्षण करणाऱ्या स्त्रियांचे ‘डोरा मिलाजे’ हे पथक त्यानेच निर्माण केले. त्या शूर आहेत. पण राजाच्या भावी वधू म्हणून निवडलेल्या, राजाखेरीज कोणाशी न बोलणाऱ्या आहेत. काळ्या पुरुषाला बोलण्याचा आणि न बोलण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा काळ्या स्त्रीच्या वाट्याला केवळ न बोलणे आले. ही त्रुटी पुढच्या लेखकांनी पाहिली. टा-नेहिसी कोट्स याने २०१६ पासून पँथर लिहायला घेतला, तेव्हा याच पथकातील अयो आणि अनेका या दोघी राजाविरुद्ध बंड करून उठल्या. त्याच वर्षी रॉक्झेन गे आणि योना हार्वी या दोन कृष्णवर्णीय लेखिकांनी वाकांडातील स्त्रियांवर स्वतंत्र मालिका लिहिली. कोट्सने तर मुळावरच बोट ठेवले : इतक्या ज्ञानी देशाला राजा कशाला हवा? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी जो इशारा दिला, तो महानायकांच्या सगळ्या कथांना लागू आहे. तारणहाराची वाट पाहणारा समाज स्वतःचे हात वापरायला विसरतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ही सगळी पात्रे कोणाची? प्रीस्टने पाच वर्षांत सुमारे साठ अंक लिहिले. त्याने निर्माण केलेले रॉस आणि डोरा मिलाजे, मॅकग्रेगरचा किलमाँगर, हे सगळे २०१८ च्या चित्रपटात आहेत. त्या चित्रपटाने जगभरात १३० कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. पात्रे मात्र कंपनीच्या मालकीची, कारण या व्यवसायात लेखक आणि चित्रकार मोबदल्यावर काम करतात आणि हक्क कंपनीकडे राहतात. खुद्द जॅक कर्बीच्या वारसांनी हक्कासाठी खटला लढविला. न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिले आणि २०१४ मध्ये तडजोड झाली. गोऱ्या निर्मात्याची ही गत, तर काळ्या पुनर्लेखकाची काय असणार? प्रीस्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. पँथरनंतर आपल्याकडे केवळ कृष्णवर्णीय पात्रेच येत राहिली आणि म्हणून आपण या व्यवसायापासून दूर राहिलो, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. २०१६ साली तो डीसी या दुसऱ्या कंपनीत परतला तो ‘डेथस्ट्रोक’ या गोऱ्या पात्राचा लेखक म्हणून. दलित लेखकाकडे आत्मकथन मागणारे आणि त्याने दुसरे काही आणले की चेहरा पाडणारे संपादक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना प्रीस्टची ही तक्रार समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे शंबूक, एकलव्य, कर्ण यांच्यावर नव्याने लिहिले जाते, आणि माझे अनेक विद्यार्थीही लिहितात. त्यांना मी दोन गोष्टी सांगू इच्छितो. एक, जुने पात्र हाती घेणे ही शरणागती नाही. जोतीरावांच्या बळीने आणि प्रीस्टच्या पँथरने हे दाखवून दिले आहे. दोन, त्या घराचे मालक कोण, हे घरात पाऊल टाकण्याआधी पाहून ठेवावे. पुराणांच्या विश्वात तुम्ही कितीही चांगला अध्याय घातला, तरी उद्या दुसरा कोणी तुमच्या एकलव्याच्या तोंडी गुरुभक्तीचे गोडवे घालू शकतो. मॅकग्रेगरच्या अपुऱ्या राहिलेल्या लढाईनंतर जसे बेडूक आले, तसे. जोतीरावांचा बळी टिकला, कारण त्याच्यामागे सत्यशोधक समाज उभा राहिला. ज्यांनी नाव छातीवर लावले होते ते रस्त्यावर उतरले, म्हणून मराठीत पँथर या शब्दाला आजही वजन आहे. आणि जेथे दुरुस्तीला वावच उरला नाही असे बाबासाहेबांना वाटले, तेथे त्यांनी आणखी एक अध्याय लिहिला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते लाखो माणसांसह त्या विश्वातूनच बाहेर पडले. पुनर्लेखन कोठपर्यंत करायचे आणि बाहेर कोठे पडायचे, हा निर्णय आपल्या पिढीच्या प्रत्येक लेखकाला स्वतः करावा लागेल. तो करताना कॉमिक्स लिहिणाऱ्या या काळ्या माणसाचा अनुभवही हाताशी असावा, एवढ्यासाठी हे टिपण.