पाठ, प्रत आणि पडताळा



वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला मागे पडला की खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा लागतो. बसमधून तुम्ही पाटी वाचली असेल, पण तिथे उतरणाऱ्या थोड्याच. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी इथे हातकागद सुरू केला असं गावकरी सांगतात. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा जाळीवर उचलायचा, ताव वाळवायचा आणि मग घोटून गुळगुळीत करायचा. इथल्या कागदावर कुराणाच्या प्रती लिहिल्या जायच्या, हेही ते अभिमानाने सांगतात.

पण कुराण कागदावर आलं त्याआधी ते माणसांच्या तोंडी होतं. ज्याला ते पूर्ण पाठ असतं त्याला हाफिज म्हणतात, बाईला हाफिजा. आपल्या शहरातही तुम्हाला असे हाफिज भेटतील. परंपरा असं सांगते की पैगंबरांनंतर लगेच, साधारण ६३२-३३ मध्ये, यमामाची लढाई झाली आणि त्यात पाठ असणारे बरेच जण मारले गेले. माणसं गेली तर पाठही जाईल, ही काळजी पडली. हजरत अबू बकर यांनी झैद बिन साबित यांच्यावर काम सोपवलं. खजुराच्या फांद्या, हाडं, चामडं, दगड, जिथे जिथे काही लिहिलेलं होतं ते त्यांनी गोळा केलं. झैद यांना स्वतःला सगळं पाठ होतं, तरी लिहिलेल्या मजकुराला दोन साक्षीदार लागतील, असा नियम ठेवला.

ती पानं पुढे कोणाकडे राहिली? हजरत हफ्सा यांच्याकडे. पैगंबरांच्या पत्नी आणि हजरत उमर यांची मुलगी. त्यांना लिहिता-वाचता येत होतं आणि ते त्यांना शिफा नावाच्या दुसऱ्या एका बाईने शिकवलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. पुढे ६५० च्या आसपास हजरत उस्मान यांनी प्रमाण प्रती करवल्या, तेव्हा हफ्सांकडची पानं मागवून त्यावरून नकला केल्या आणि पानं त्यांना परत दिली. प्रती कूफा, बसरा, दमास्कस अशा शहरांत गेल्या. त्यामुळे एक जळाली तरी दुसरी राहिली असती. मोबाइलवाला मुलगा आपल्याला ‘ताई, बॅकअप घेतला का?’ म्हणून विचारतो, तो हाच.

नक्कल करताना चूक होतेच. त्यावर उपाय मोजणीचा. कुराणाचे ११४ सूरे, पाठ करायला सोपे म्हणून केलेले ३० पारे. आणि आपल्याकडच्या छापील प्रतींत प्रत्येक सूऱ्याच्या डोक्यावर त्यात किती आयती ते लिहिलेलं असतं. एक गळली की आकडा जुळत नाही. तुमच्या आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक असाच राखणदार आहे. तो आधीच्या ११ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. मधला एखादा अंक चुकीचा टाकला की संगणक नंबर घेतच नाही.

आणि हे एकाच धर्मात झालं असं नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची. तीनशे वर्षांत नकला करता करता तिच्यात पाठभेद शिरले. आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी वेगवेगळ्या प्रती ताडून १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर होते. म्हणजे कागजीपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर!

आता आपल्या दप्तराचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाचा मोबाइल पाण्यात पडला. चार बैठकांच्या नोंदी त्यातच होत्या, वहीत उतरवायच्या राहिल्या होत्या. चूक आमचीच, माझीही. बचत कोणाची किती, हप्ता कोणी भरला, काहीच हातात नाही. बायका एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या. गट तिथेच फुटला असता.

तेव्हा अंगठा करणारी एक मावशी बोलायला लागली. जिच्या जिच्या पुढे जी बसते त्या क्रमाने तिने नावं घेतली, रकमा सांगितल्या, दंडाचे दहा रुपये कोणाचे तेही. मी लिहून घेतलं. पण तिच्या एकटीच्या शब्दावर वही भरली नाही. ज्या बाईची रक्कम तिचं वैयक्तिक पासबुक आणि शेजारी बसणारीची साक्ष, दोन्ही जुळल्यावरच नोंद केली. दोन ठिकाणी मावशी चुकली होती. एका ठिकाणी पासबुकच चुकलं होतं, ते तिने दाखवून दिलं.

आता बैठकीत आधी मावशी मोठ्याने सांगते, मग सचिव वहीत लिहिते, मग मोबाइलमध्ये भरते. वहीची झेरॉक्स दर तीन महिन्यांनी दुसऱ्या वस्तीतल्या अध्यक्षांच्या घरी जाते. मावशीच्या शेजारी हल्ली तिची सून बसते, रकमा ऐकत.