अतिसंवाहकतेचे दुसरे कोडे

इ. स. १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत अतिशीत पाऱ्यातून विजेचा प्रवाह सोडून पाहण्यात आला. उष्णतामान शून्याखाली २६९ अंशांवर येताच पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता होय. शोध लागला, परंतु त्याचे कारण कळावयास ४६ वर्षे जावी लागली. आइन्स्टाइन, हायझेनबर्ग, फाइनमन यांच्यासारख्या प्रज्ञावंतांनाही या कोड्यापुढे हार पत्करावी लागली.

१९५० मध्ये एक धागा हाती आला. पाऱ्याचे अधिक जड अणू घेतले तर अतिसंवाहकता किंचित खालच्या उष्णतामानास सुरू होते, असे आढळले. ज्या अर्थी अणूंच्या वजनाने फरक पडतो, त्या अर्थी अणूंच्या कंपनांचा या घटनेत हात असला पाहिजे. १९५७ मध्ये अमेरिकेतील जॉन बार्डीन, लिऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर यांनी ही उपपत्ती पूर्ण केली. एक इलेक्ट्रॉन जाता जाता सभोवतालच्या अणूंस किंचित आपल्याकडे ओढतो आणि त्या ओढीमागून दुसरा येतो. अशा जोड्या जुळल्या की त्या सर्व एकदिलाने वाहतात, त्यांस अडथळा उरत नाही. १९७२ साली या त्रयीस नोबेल पारितोषिक मिळाले आणि प्रश्न मिटला असे बहुतेकांस वाटले.

तो मिटला नव्हता. १९८६ साली झुरिकजवळील आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेत गेऑर्ग बेडनॉर्झ व आलेक्स म्यूलर यांनी लँथॅनम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांच्या संयुगात अतिसंवाहकता पाहिली. हा धातू नव्हे. भट्टीत भाजलेल्या चिनी मातीच्या जातीचा ठिसूळ पदार्थ! तरीही शून्याखाली २५० अंशांचा जुना उच्चांक त्याने मोडला. पुढच्याच वर्षी पॉल चू व माव-कुएन वू यांच्या गटांनी यिट्रियमच्या संयुगात ही मर्यादा शून्याखाली १८० अंशांवर आणली. द्रवरूप नायट्रोजन शून्याखाली १९६ अंशांस उकळतो; त्यामुळे महागड्या हेलियमवाचून काम भागण्याची वाट मोकळी झाली.

मग जुनी किल्ली नव्या कुलुपास लावून पाहण्यात आली. यिट्रियमच्या संयुगात जड ऑक्सिजन घालण्यात आला, पण फरक जवळजवळ पडलाच नाही. पुढे याच कुळातील इतर काही मिश्रणांत तो स्पष्ट दिसला आणि गुंता वाढला. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या येथेही असतात, हे सिद्ध झाले. त्या जुळवितो कोण, हाच वाद आहे. ताम्रसंयुगांतील इलेक्ट्रॉन एकमेकांस दूर लोटतात, त्यांच्या चुंबकीय दिशा शेजारी-शेजारी उलट राहतात, आणि यातूनच जोड्या निपजतात, असे मत फिलिप अँडरसन यांनी १९८७ मध्ये मांडले. त्या विचारास आकार देण्यात भारताच्या गणपती बास्करन यांचा मोठा वाटा होता. १९९४ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांनी या जोड्यांची घडण पाऱ्यातील जोड्यांहून निराळी, चार पाकळ्यांसारखी असल्याचे दाखविले. चुंबकीय पक्षास बळ आले, तथापि सर्वमान्य उपपत्ती आजही नाही.

बेडनॉर्झ व म्यूलर यांस नोबेल पारितोषिक शोधाच्या पुढच्याच वर्षी, १९८७ साली मिळाले. कारणाचा शोध मात्र पुढे जवळजवळ चार दशके चालूच राहिला आहे. हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. कारण कळेपर्यंत अधिक सोयीचा पदार्थ कोठे शोधावा हे सांगणारा वाटाड्या नाही. भट्टीपुढे बसून मिश्रणामागून मिश्रण चाचपीत राहणे एवढेच संशोधकाच्या हाती उरते.