तळटीप १७ : ‘कपाय फुटलं’

१७. कपाय फुटलं : कपाळ फुटले, म्हणजे दैव फिरले. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो : डोया, काया, केय. मूळ मजकुरात भिजलेल्या कापसाच्या ढिगाकडे पाहून म्हातारा कपाळावर तळहात मारतो, ती या बोलाच्या जोडीची खूण. मुलाच्या जन्मानंतर सटीच्या रात्री सटवाई त्याच्या कपाळावर भविष्य लिहिते, ही समजूत यामागे आहे. त्यासाठी पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवतात. ‘करम फुटलं’ हाही त्याच अर्थाचा. दोन्हींत दोष नशिबाला जातो. स्वतःची चूक कबूल करायची तर ‘माही चुकी झाली’ असे वेगळे म्हणतात; म्हणून पुढच्या ओळीत म्हातारी ‘कपाय कायचं, ताडपत्री कोनं नाई टाकली?’ असे सुनावते. स्वतःबद्दल म्हटले तर हळहळ. मात्र दुसऱ्याला ‘करमफुटका’ म्हणणे ही शिवी.

याच मजकुरातले हिवरखेड : अकोला जिल्ह्यातील, तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याजवळचे. याच नावाचे गाव अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातही आहे.
—संपा.