आगगाडीतली आग

भारतीय रेल्वेची जन्मतिथी मराठी वाचकाला पाठ असते : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. वाफेच्या गाडीचा अंत केव्हा झाला, हे मात्र सहसा सांगता येत नाही. तो एका दिवशी झालाच नाही. तो प्रवाशांच्या ऐपतीनुसार, टप्प्याटप्प्याने झाला, असे आम्हाला वाटते.

मुंबईत विजेची गाडी १९२५ मध्येच धावली. पुढे स्वतंत्र भारताने मात्र चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून वाफेची २,३५१ इंजिने बांधली. तेथील शेवटच्या ब्रॉडगेज इंजिनाला १९७० मध्ये ‘अंतिम सितारा’ हे नाव मिळाले आणि १९७२ मध्ये ही बांधणी थांबली. परंतु कारखान्यातला अंत म्हणजे रुळांवरचा अंत नव्हे. तयार इंजिने हाताशी होती, कोळसा देशातलाच होता. डिझेल आणि वीज प्रथम गेली ती मेल-एक्स्प्रेस आणि जड मालगाड्यांकडे; शाखामार्गांवरच्या पॅसेंजर गाड्यांच्या वाट्याला जुनी इंजिने उरली.

वऱ्हाडातील ‘शकुंतला’ हे याचे बोलके उदाहरण. मूर्तिजापूर–यवतमाळ हा अडीच फुटी रुळांचा मार्ग मुळात कापसासाठी घातला गेला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले. स्वातंत्र्य आले, महाराष्ट्र राज्य झाले, तरी फायरमनच्या हातातले फावडे सुटले नाही. १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, पंजाबात ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित सेवाही संपली.

या गाड्यांविषयी हळवे होणे सोपे आहे. भट्टीपुढे भाजून निघालेल्या फायरमनला आणि डोळ्यांत कोळशाची कणी गेलेल्या प्रवाशाला तो हळवेपणा परवडणारा नव्हता.

वर्गात ‘आगगाडी’ हा शब्द आला की विद्यार्थी तो ‘रेल्वे’चा जुना पर्याय समजून पुढे जातात. आम्ही तिथे थोडे थांबतो. १९८५ च्या एखाद्या कथेत धूर सोडणारी गाडी आली, तर ते स्मरणरंजनच असेल असे नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी जो भूतकाळ होता, तो यवतमाळच्या फलाटावरचा वर्तमानकाळ होता. कथेचा काळ ठरवताना साल पाहावेच. पण पात्र कोणत्या मार्गावरच्या गाडीत बसले आहे, हेही पाहावे.