नावाच्या जागी नंबर

इंटिरियरचा धंदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रंग, पडदे आणि झुंबरं येतात. प्रत्यक्षात आमचा निम्मा दिवस कोटेशनं करण्यात, प्लायवाल्याचा हिशेब जुळवण्यात आणि 'मिस्त्री आज का आले नाहीत' एवढं शोधून काढण्यात जातो. ठाण्यात मी एकटीनं हा व्यवसाय चालवते. ऑफिस म्हणजे घरातलीच एक खोली. २०२१ साली कामं वाढली तेव्हा कुणाला तरी हाताशी घ्यायचं ठरवलं, आणि निवड झाली ती थेट कुडाळजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या मुलीची. ड्राफ्ट्समनचा कोर्स झालेला, लग्न झालेलं, पदरात दोन वर्षांचं मूल, घरात अंथरुणाला खिळलेले सासरे. तिला ठाण्याला येणं शक्य नव्हतं आणि मला तिकडे जाणं. काम मात्र सुरू झालं. याला हल्ली 'व्हर्च्युअल असिस्टंट' म्हणतात. माझी आई 'न दिसणारा कारकून' म्हणते.

पहिल्याच महिन्यात मी तिला फोनवर सांगितलं, ''अगं, त्या कपाटाला आपलं नेहमीचं ऑफ-व्हाइट लॅमिनेट सांगून टाक.'' तिनं सांगितलं. साइटवर चौदा शीट आले ते चकचकीत, ग्लॉसी. मला हवं होतं मॅट. मी पोहोचेपर्यंत सुतारानं चार कापलेही होते. मी तिच्यावर फोनवर बरीच चिडले. रात्री शांत झाल्यावर लक्षात आलं, की 'नेहमीचं' म्हणजे काय हे माझ्या डोक्याबाहेर कुठेही लिहिलेलंच नव्हतं. शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी चार दिवस बघून शिकली असती. साडेचारशे किलोमीटरवरून ती काय बघणार?

नुकसान मी सोसलं आणि एक वही केली. पण डोक्यात प्रश्न राहिला. आपल्याआधी असं दूरवरून काम कुणी करून घेतलं असेल, आणि कसं? इंटरनेटनं आणलेली ही नवी तऱ्हा आहे अशी माझी समजूत होती. वाचत गेले तेव्हा कळलं, की आमच्याच धंद्याच्या मुळाशी ती आहे, आणि तीही दीडशे वर्षांपूर्वी.

कँडेस व्हीलर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. १८२७ साली जन्मलेली ही अमेरिकन बाई. १८७६ साली तिची मुलगी वारली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात तिनं लंडनच्या एका संस्थेचं भरतकाम पाहिलं. गरजू पण 'चांगल्या घरातल्या' बायकांना तिथे कलाकुसर शिकवून रोजगार दिला जात होता. अमेरिकेत यादवी युद्ध संपून दहा-अकरा वर्षं झाली होती. नवरा, भाऊ, वडील गमावलेल्या बायकांची संख्या अफाट होती. घराबाहेर पडून नोकरी करणं त्यांच्या समाजात कमीपणाचं होतं. उपाशी राहणं मात्र चालत होतं! हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

व्हीलरबाईंनी १८७७ साली न्यूयॉर्कमध्ये 'सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट' काढली. बायकांनी घरी बसून पडदे, भरतकाम, रंगवलेली भांडी करायची आणि संस्थेकडे पाठवायची. संस्थेनं पारखून घ्यायची आणि विकायची. पारख कडक होती, त्यामुळे पुष्कळ वस्तू नाकारल्या जात. मग १८७८ साली आणखी एक संस्था निघाली, 'एक्स्चेंज फॉर विमेन्स वर्क'. व्हीलरबाईंचा मुद्दा साधा होता. जिला चित्र काढता येत नाही पण मुरंबा उत्तम जमतो, तिनं काय करायचं? तिथे खाण्याच्या जिन्नसांनाही जागा मिळाली.

मला ह्या हकिकतीतला एक तपशील विसरता येत नाही. अशा एक्स्चेंजमध्ये वस्तूवर करणारणीचं नाव नसे, क्रमांक असे. अमक्या वकिलाची विधवा पैशासाठी शिवणकाम करते हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. अब्रू राखण्यासाठीच ही सोय होती. पण तिच्यामुळे झालं असं, की दिवाणखान्यातला पडदा पाहून 'हा कुणी केला' याचं उत्तर कुणालाच देता येईना.

व्हीलरबाई स्वतः पुढे गेल्या. १८७९ साली लुई टिफनीबरोबर भागीदारी केली. मार्क ट्वेनच्या हार्टफर्डच्या घराची सजावट त्याच मंडळींची. १८८३ पासून त्यांनी फक्त बायकांची स्वतंत्र फर्म चालवली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात स्त्रियांच्या दालनाची अंतर्गत सजावट त्यांच्याकडे होती. हो, तेच शिकागो आणि तेच वर्ष, जिथे विवेकानंद बोलले. पुढे १८९५ साली 'घरसजावट हा स्त्रियांचा व्यवसाय' अशा विषयावर त्यांनी लेखही लिहिला. त्यांचं नाव राहिलं. क्रमांकवाल्यांची गेली.

घरी बसून काम आणि त्याची पारख दुसरीकडे, ही पद्धत आपल्याकडेही रुजली. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेलं लिज्जत पापड आठवा. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड द्यायचे. पापड बसत नसेल तर परत. मात्र तिथे लाटणारी बाई ही संस्थेची सभासद, मालकीण.

कागदी कामाची गोष्ट वेगळी होती. ते घरून करता येईल असं कुणाला वाटत नव्हतं. ते करून दाखवलं इंग्लंडमधल्या स्टेफनी शर्ली यांनी. १९३९ साली, पाच वर्षांची असताना, नाझींच्या तावडीतून सुटलेल्या मुलांच्या आगगाडीतून ही मुलगी इंग्लंडला पोहोचली होती. १९६२ साली सहा पौंड भांडवलावर त्यांनी 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' ही कंपनी काढली. मुलं झाल्यावर नोकरी सोडावी लागलेल्या बायकांना त्यांनी गोळा केलं. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांपैकी २९७ बायका होत्या. कॉम्प्युटर कुणाच्याही घरी नव्हता. पेन्सिलीनं कागदावर प्रोग्राम लिहायचा, तपासायचा आणि पुढे पाठवायचा. घरात टेलिफोन असला की झालं.

कामासाठी त्या कंपन्यांना पत्रं लिहीत. उत्तरं येत नसत. नवऱ्यानं सुचवलं, सही 'स्टेफनी' ऐवजी 'स्टीव्ह' करून बघ. उत्तरं यायला लागली! गिऱ्हाइकाचा फोन आला की त्या टेपरेकॉर्डरवर टाइपरायटरचा खडखडाट लावत. मागे रडणारं मूल ऐकू जाऊ नये म्हणून. माणसं घरून आणि अर्धवेळ काम करतात हे झाकायला त्या तासांवर पैसे न लावता कामाची ठरावीक किंमत सांगत. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग ह्याच बायकांनी केलं. १९७५ साली ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला आणि गंमत म्हणजे त्यांना पुरुषांनाही कामावर घेणं भाग पडलं. शर्लीबाई २०२५ साली, ९१ व्या वर्षी वारल्या. घरच्या टेबलावर काम करणाऱ्यांना मान मिळवून देणारी ही बाई, पण तिलाही आधी स्वतःचं नाव लपवावं लागलं.

'व्हर्च्युअल असिस्टंट' हा शब्द अमेरिकेत १९९० च्या दशकात रुळला. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं आणि दहा वर्षांत हे काम आपल्या दाराशी आलं. २००५ साली ए. जे. जेकब्स या अमेरिकन लेखकानं 'एस्क्वायर' मासिकात लिहिलं, की त्यानं आपलं रोजचं आयुष्यच बंगळुरूच्या मदतनिसांवर सोपवून पाहिलं. बायकोशी झालेल्या भांडणाची दिलगिरीसुद्धा! लेख खुसखुशीत आहे. पण त्याच काळात आपल्या कॉल सेंटरमधली मुलं-मुली रात्रभर परकी नावं लावून बोलत होती, हे मी वाचताना विसरू शकले नाही. क्रमांक, मग 'स्टीव्ह', मग हे. दूर बसणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळ्या कारणानं पुसलं जातं.

माझी वही आता दोनशे पानांची झाली आहे. लॅमिनेटचा शेड नंबर, फिनिश, बिजागऱ्यांची बनावट, ओट्याची उंची, कुठल्या गिऱ्हाइकाला दुपारी फोन करायचा नाही, सगळं लिहिलेलं. पैसेही तासांवर नाहीत, ड्रॉइंगच्या संचावर ठरतात. सासऱ्यांची रात्र कशी गेली यावर तिचे तास ठरतात, त्यात माझा संबंध नाही. आधी मी रोज दहा वाजता 'सुरू केलंस का?' म्हणून विचारायचे. ते बंद करायला मला वर्ष लागलं, हे कबूल करते.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. त्यात 'ड्रॉन बाय' असा रकाना असतो. सवयीनं तिथे माझीच आद्याक्षरं पडत होती, गिऱ्हाइकाला मोठं ऑफिस वाटावं हाही हिशेब होताच. गेल्या वर्षी मी तिची घालायला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, ''नक्की ना ताई?''

दोन दिवसांनी घोडबंदरच्या साइटवरून मिस्त्रींचा फोन आला. माळ्याची उंची जुळत नव्हती. ''मॅडम, ह्या एस. डी. कोण?'' मी नंबर दिला. मिस्त्री मूळचे कणकवलीचे. वीस मिनिटं फोन लागेना. माळ्याचं बोलणं दोन मिनिटांत संपलं होतं असं नंतर कळलं. उरलेला वेळ दोघं मालवणीतून पावसाबद्दल बोलत होते.